टामिया टीएस स्प्रे : डबी उत्तम, पण घड्याळ आणि पंचांग बघून मारायची

प्लास्टिकच्या मॉडेल कारचं नशीब बॉडीच्या रंगावर ठरतं. सीट, स्टिअरिंग, इंजिनाचे बारीक भाग कितीही निगुतीनं जुळवा. शोकेसमध्ये ठेवल्यावर माणूस आधी बघतो तो टपावरचा उजेड. तो आरशासारखा सरळ पडला तर मॉडेल जमलं. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पडला तर खेळणं झालं. म्हणून हा रिव्ह्यू किटचा नाही, रंगाचा आहे: जपानी मॉडेल कंपनी टामियाचा टीएस स्प्रे, त्याखाली लागणारा फाइन सरफेस प्रायमर आणि वरून मारायचा पारदर्शक थर, टीएस-१३ क्लिअर. उदाहरणाला टामियाचीच १/२४ मापाची फोक्सवॅगन १३०० बीटल, १९६६ चं मॉडेल. बीटल मुद्दाम घेतली आहे. या गाडीला सपाट पत्रा जवळपास नाहीच. टप गोल, बॉनेट गोल, मडगार्ड तर फुगलेले, आणि मडगार्ड जिथे बॉडीला भिडतो तिथे खोल खाच. स्प्रेची परीक्षा घ्यायला याहून चांगली बॉडी सापडणं अवघड.

निकाल आधीच सांगतो. एअरब्रश (रंगाची बारीक फवारणी करणारं पेन) आणि त्याला लागणारा कॉम्प्रेसर नसेल आणि घरच्या घरी चकाकती बॉडी हवी असेल, तर टीएस घ्या. पण मराठवाड्यात हा रंग वर्षाचे बाराही महिने, दिवसाच्या कुठल्याही वेळी मारता येत नाही. डबीबद्दलच्या दहापैकी आठ तक्रारी प्रत्यक्षात हवेबद्दलच्या असतात.

टीएस म्हणजे सिंथेटिक लॅकर, थिनर उडून वाळणारा रंग. डबी १०० मिलीची, आणि त्यात रंगाबरोबर गॅसही आला, त्यामुळे कोरडा हिशेब करू नये. १/२४ च्या दोन बॉडी एका डबीत आरामात होतात, तिसरी नशिबावर. बीटल प्रत्यक्षात ४.०७ मीटर लांब, म्हणजे मॉडेल साधारण १७ सेंटिमीटर. एवढ्या बॉडीला निम्म्या डबीहून कमी रंग पुरतो. खरेदी करताना अक्षरं नीट वाचा. टीएस हा पॉलिस्टायरीन आणि एबीएस या किटच्या कडक प्लास्टिकसाठी. पीएस नावाची डबी दिसायला तशीच, पण ती रिमोटच्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असते. किटच्या बॉडीवर मारली तर प्लास्टिक खाते. एएस हा विमानांच्या छटांचा. ऑनलाइन यादीत तिन्ही शेजारी शेजारी असतात आणि घाईत चूक होते.

नोझल हा या डबीचा खरा गुण. हार्डवेअरच्या दुकानातली ४०० मिलीची स्प्रे डबी ग्रिल-गेट रंगवायला बनलेली असते. थेंब जाड, जोर जास्त. टीएसचा फवारा बारीक, पंखा अरुंद, आणि रंग स्वतःहून पसरून सपाट होतो. दारांच्या फटी, बॉनेटची कड, मागच्या काचेखालच्या हवेच्या जाळ्या हे सगळं तीन हातांनंतरही शाबूत राहतं. एवढ्यासाठीच जास्तीचे पैसे द्यायचे.

छटा निवडताना एक सापळा आहे. बीटलच्या १९६६ च्या रंगपत्रिकेत ‘पर्ल व्हाइट’ आहे, कोड एल८७. नाव वाचून लोक टीएस-४५ पर्ल व्हाइट मागवतात. तो रंग खरोखर मोतिया, चमचम करणारा; कारखान्यातला एल८७ साधा, किंचित मळकट दुधी पांढरा, त्यात चमक नावालाही नाही. त्याच्या जवळ जाणारी डबी टीएस-७ रेसिंग व्हाइट. टीएस-२६ प्युअर व्हाइट या काळातल्या गाडीवर ट्यूबलाइटसारखा पांढराफेक दिसतो. काळी हवी असेल तर टीएस-१४. पण काळा रंग बॉडीवरचा प्रत्येक ओरखडा गावभर सांगतो, पहिल्या मॉडेलला टाळा. टीएस-८ इटालियन रेड सुंदर आहे, फक्त तो इटालियन गाड्यांचा लाल. जर्मन गाडीच्या रुबी रेडवर तो उपरा वाटतो.

आता बॉडीची तयारी. इथे कंजुषी केली की पुढची सगळी डबी वाया. फ्रेममधून बॉडी काढल्यावर ती भांड्याच्या लिक्विडनं आणि मऊ टूथब्रशनं कोमट पाण्यात धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट अंश निघाला पाहिजे. धुतल्यावर शेवटचं पाणी बोअरचं नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की वाळल्यावर बॉडीवर पांढरे ठिपके उठतात आणि ते प्रायमरखाली अडकून बसतात. आरओचं पाणी चालतं; त्याहून स्वस्त उपाय म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर, पाच लिटरचा कॅन महिनोन्‌महिने पुरतो. धुतल्यानंतर बॉडीला उघड्या बोटांनी शिवू नका. डोक्याला खोबरेल तेल लावून त्याच हातानं बॉडी उचलली, तर त्या जागी रंग मागे सरकून माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. गाडीच्या डॅशबोर्डला मारायचा सिलिकॉन पॉलिश त्याच खोलीत उडवला असेल तरी तेच.

साच्याच्या रेघा बहुधा मडगार्डच्या माथ्यावरून आणि खिडक्यांच्या खांबांवरून जातात. बोटाला लागत नाहीत, ग्लॉस चढला की लख्ख दिसतात. ब्लेडच्या पाठीनं हलकं खरवडा, मग ६००, ८००, १००० चा वॉटर पेपर, ओला करूनच. खड्डा असेल तर मॉडेलसाठीची बारीक लांबी (पुट्टी) भरा. डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात ती एनसी पुट्टीही चालते, पण अगदी पातळ थरात आणि एक दिवस वाळू देऊन. जाड भरली तर तिच्यातला थिनर खालचं प्लास्टिक मऊ करतो आणि आठवड्यानं तिथेच खळगा दिसतो. दारांच्या आणि झाकणांच्या फटी प्रायमरआधीच सुईनं किंवा स्क्राइबरनं थोड्या खोल करून घ्या. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून सात-आठ हात बसणार आहेत. उथळ फट त्यात बुजते आणि नंतर कोरायला गेलं की रंगाचा टवका उडतो.

प्रायमर म्हणून टामियाचा फाइन सरफेस प्रायमर, १८० मिलीचा. याबद्दल फारसं लिहायला नको. गुणी माल आहे. राखाडी, पांढरा, गुलाबी आणि ऑक्साइड रेड अशा छटा मिळतात. पांढऱ्या-दुधी बॉडीखाली पांढरा, लाल-पिवळ्याखाली गुलाबी किंवा पांढरा. लाल आणि पिवळा टीएस झाकायला कमजोर आहेत. राखाडीवर मारले तर चार-पाच हात देऊनही मळकट राहतात, आणि पाचव्या हाताला ओघळ ठरलेला. बॉडीचं प्लास्टिकच लाल असेल तर पांढरा रंग गुलाबी पडण्याचा धोका असतो, तिथे आधी चंदेरी रंगाचा एक थर मध्ये घालतात. प्रायमरचे दोन हलके हात, रात्रभर विश्रांती, मग १५०० च्या ओल्या पेपरनं नुसतं गोंजारायचं. प्रायमरवरचा खडबडीतपणा रंगानं झाकत नाही, तो रंगातून वर येतो.

मुख्य मुद्दा हवेचा.

या डबीवर जपानी नियमानुसार ताकीद असते: ४० अंशांपेक्षा जास्त तापणाऱ्या जागी ठेवू नये. परभणी, नांदेड, बीड, जालना. एप्रिल-मेमध्ये दुपारी सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीचं तर विचारूच नका. अशा वेळी दोन गोष्टी होतात. डबीतला दाब वाढतो, त्यामुळे फवारा जोरात आणि जास्त सुटतो. आणि हवेत उडालेला थेंब बॉडीवर पोहोचण्याआधीच अर्धा वाळतो. तो बसतो पण पसरत नाही. परिणाम म्हणजे हाताला बारीक वाळूसारखा लागणारा, मळकट दिसणारा थर. पेंटर याला ‘ड्राय मारला’ म्हणतात. माणूस घाबरून डबी आणखी लांब धरतो आणि प्रकार वाढतो. उन्हाळ्यात उलट करायचं: नेहमी १५ ते २० सेंटिमीटरवरून मारतो ते अंतर १२-१५ वर आणायचं आणि हात थोडा जलद फिरवायचा.

त्यापेक्षा सोपं म्हणजे वेळ बदला. उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते आठ ही सोन्यासारखी वेळ. हवा कोरडी, तापमान पंचवीस-अठ्ठावीसच्या आसपास, वारा पडलेला. नऊनंतर वारा सुटला की काळ्या मातीची धूळ खिडकीतून आत येते आणि ओल्या क्लिअरवर जाऊन बसते.

आणि कूलर बंद. ही सगळ्यात जास्त होणारी, सगळ्यात कमी ओळखली जाणारी चूक. बाहेर हवा खडखडीत कोरडी असते, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण खोलीतला कूलर वाळ्याच्या ताट्यांतून ओलसर हवा आत ढकलत असतो. लॅकरमधला द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग थंड पडतो, आणि हवेतली वाफ तिथेच बारीक दवासारखी जमते. ते पाणी रंगात अडकलं की चकाकी जाऊन दुधाळ झाक येते. काळ्यावर ती राखेसारखी दिसते, क्लिअरवर धुक्यासारखी. रंग मारायच्या तासभर आधी कूलर बंद करून खिडक्या उघडा. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ फार महाग नसतं. आकडा ६० च्या खाली असेल तर निवांत मारा, ७० च्या वर असेल तर डबी परत कपाटात.

मृग लागला की पोळ्यापर्यंत ग्लॉस आणि क्लिअरला सुट्टी द्यावी हे बरं. त्या काळात चेसिस, सीट, आतले मॅट भाग करा. मॅटवर ही झाक फारशी दिसत नाही. पावसात चार दिवस उघडीप मिळाली तर दुपारी दोन-तीनच्या सुमाराला साधता येतं. झाक आलीच तर लगेच दुसरा हात मारून दडपू नका. हवा कोरडी होईपर्यंत थांबा आणि मग टामियाच्या लॅकर थिनरमध्ये रिटार्डर (रंगाचं वाळणं लांबवणारं रसायन) मिसळून एअरब्रशनं एक पातळ हात द्या. वरचा थर पुन्हा मऊ होतो, पाणी निघून जातं, चकाकी परत येते. एअरब्रश नसेल तर वाळल्यावर २००० चा पेपर मारून तो थर काढणं एवढंच हातात उरतं.

सगळ्यात चांगला मोसम दसरा ते होळी, त्यातही वेळ अमावास्या या सणाच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या येळवशीच्या आगेमागे. फक्त तेव्हा सकाळी उठून मारायला जाऊ नका. पहाटे दव असतं, परभणीकडे पारा एक आकडी येतो, आणि थंड डबी रंग फुंकत नाही, थुंकते. अकरा ते तीन ही वेळ. डबी दहा मिनिटं कोमट पाण्यात उभी ठेवा. पाणी हाताला सुखद वाटेल इतकंच गरम, म्हणजे पस्तीस अंशांच्या आसपास. उकळतं पाणी, गॅसची शेगडी, हीटर यांचं नावही काढू नका. कोमट डबीचा फवारा इतका बारीक येतो की तीच डबी वेगळी वाटते.

प्रत्यक्ष मारणं असं. डबी दोन मिनिटं हलवा, आतली गोळी मोकळी खुळखुळली पाहिजे. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली वाळूनं भरून तिच्या बुडाला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा आणि बॉडी आतून त्यावर बसवा. बाटली धरून चारी अंगांनी फिरवता येते. बटण बॉडीच्या बाहेर दाबायचं, हात बॉडीवरून सरळ न्यायचा, पलीकडे गेल्यावर सोडायचं. बॉडीवरच बटण दाबलं की पहिला जाड थेंब तिथेच पडतो. पहिला हात धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे. यात आधी अवघड जागा घ्या: मडगार्डच्या खाचा, पायऱ्यांच्या वरची कड, बंपरमागचा भाग, खिडक्यांच्या आतल्या कडा. दहा मिनिटांनी दुसरा हात, तोही हलकाच. पंधरा मिनिटांनी तिसरा, हा ओला. उजेडात तिरकं बघत मारा, पृष्ठभाग ओल्या फरशीसारखा झाला की लगेच पुढे. लोभ इथेच नडतो. ‘आणखी एकदा फिरवू’ म्हटलं की बीटलच्या मडगार्डखाली ओघळ लोंबतो.

ओघळ आला तर बोट लावू नका, कापूस लावू नका. दोन-तीन दिवस कडक वाळू द्या, मग १००० च्या पेपरची पट्टी छोट्या लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून फक्त तेवढा उंचवटा घासा आणि वर हलका हात द्या. धुळीचा कण बसला तरी तोच मार्ग.

वाळताना बॉडीवर मोठं पातेलं पालथं घाला, कडेखाली दोन पेन्सिली ठेवून. हवा खेळते, धूळ येत नाही. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी तर हे कराच. लवकर वाळावी म्हणून बॉडी गच्चीवर उन्हात ठेवू नये. गडद रंगाची बॉडी मेच्या उन्हात इतकी तापते की खिडक्यांचे बारीक खांब वाकतात आणि मग काच बसत नाही. स्पर्शाला टीएस वीस मिनिटांत वाळतो, पण कडक व्हायला आठवडा घेतो. नाकाजवळ धरल्यावर थिनरचा वास येतोय तोवर पॉलिश नाही, मास्किंगही (टेपनं भाग झाकणं) नाही.

मास्किंग टेप टामियाची पिवळी घ्या, ६ मिमी आणि १० मिमी दोन्ही. हार्डवेअरची कागदी टेप जाड असते, कडेखालून रंग शिरतो, आणि उन्हाळ्यात तिचा डिंक बॉडीवर उतरतो. टेप कोणतीही असो, त्याच दिवशी काढा.

नंबरप्लेटसारखे डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) क्लिअरच्या आधी बसवत असाल तर टीएस-१३ पासून सावध. हा क्लिअर तापट आहे. डिकॅलवर थेट ओला हात मारला तर ते आक्रसतात, चिरतात, कधी विरघळून जातात. डिकॅल बसवून पूर्ण एक दिवस वाळवा, मग २५ सेंटिमीटरवरून दोन धुक्यासारखे हात, मध्ये वीस मिनिटं; आणि त्यानंतरच ओला. डिकॅल भिजवायलाही डिस्टिल्ड पाणीच. बोअरच्या पाण्याचा पांढरा कडा डिकॅलभोवती एकदा क्लिअरखाली गाडला गेला की तो कायमचा. बीटलला डिकॅल मोजकेच असतात, त्यामुळे क्लिअर आणि पॉलिश झाल्यावर ते लावणं हाही मार्ग आहे.

साध्या रंगावर क्लिअर हवाच का? गरज नाही. टीएसचे ग्लॉस रंग स्वतःच बऱ्यापैकी चकाकतात आणि १९६६ च्या गाडीला काचेसारखी खोल चमक शोभतही नाही. क्लिअरचा खरा फायदा पॉलिशच्या वेळी कळतो: घासताना रंगाऐवजी क्लिअर झिजतो. मेटॅलिक छटांवर मात्र क्लिअर मारावाच लागतो, कारण मेटॅलिक थेट घासला की चंदेरी कण उघडे पडून डाग दिसतात.

पॉलिशला घाई नको. २००० आणि मग ३००० चा ओला पेपर, पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. त्यानंतर टामियाचं कंपाउंड कोर्स, फाइन, फिनिश या क्रमानं, प्रत्येकाला वेगळं मऊ कापड. बीटलच्या बॉनेटच्या मध्यावरून एक उंच कणा जातो. त्यावर आणि मडगार्डच्या माथ्यावर रंग सगळ्यात पातळ बसलेला असतो. त्या कडांवर आधी टेपची पट्टी चिकटवा, आजूबाजू घासा, टेप काढून कडेवर शेवटी फक्त फिनिश फिरवा. नाहीतर खालचा प्रायमर डोकावतो आणि केलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

क्रोमच्या बारीक पट्ट्यांसाठी मोलोटोचं लिक्विड क्रोम पेन सोयीचं. १ मिमी टोकाचं घ्या. ते सगळ्यात शेवटी वापरायचं. त्यावर लॅकर क्लिअर मारला की क्रोमचा साधा चंदेरी होतो. खिडकीभोवतीच्या पट्ट्यांना बेअर-मेटल फॉइल (चिकटवून कापायचा धातूचा पातळ पत्रा) जास्त खरी दिसते, पण ब्लेड नवं कोरं हवं. खिडक्यांच्या रबराला टामियाचा एक्स-१८ सेमी-ग्लॉस काळा. तो ॲक्रिलिक आहे, त्यामुळे हात हलला तरी एक्स-२०ए थिनर लावलेल्या इअरबडनं, खालच्या लॅकरला धक्का न लावता पुसता येतो.

आता स्वस्त पर्यायांचं. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांमुळे छत्रपती संभाजीनगरात गाड्यांच्या रंगाची दुकानं भरपूर, आणि इतर जिल्ह्यांच्या गावीही टच-अप डब्या मिळतात. मोह होतो. पण त्या रंगांतला थिनर लोखंडी पत्र्यासाठी आहे. पॉलिस्टायरीनवर थेट पडला की बारीक भेगांचं जाळं उठतं आणि कोपरे गोलसर होतात. मॉडेलच्या प्रायमरचे दोन चांगले हात खाली असतील आणि रंग धुक्यासारखा मारला तर निभावतं, पण आधी चाचणी घ्या. पूर्वी यासाठी प्लास्टिकचे चमचे वापरत. बंदीनंतर ते दुकानातून गेले आणि लाकडी चमचा या कामाचा नाही. सीडीचं जुनं पारदर्शक कव्हर घ्या, तेही पॉलिस्टायरीनच. गॅरेजमधला टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा) चकाकीत टीएस-१३ च्या पुढे जातो, पेट्रोललाही दाद देत नाही. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल बांधून, बंद खोलीत तो मारणं म्हणजे फुप्फुसाशी खेळ आहे. घरी रंगवणाऱ्यांना मी तो सुचवणार नाही.

टीएसलाही मास्क लागतोच. कोळशाच्या फिल्टरचा, सेंद्रिय वाफांसाठीचा. डबीतला गॅस जळणारा आणि हवेपेक्षा जड आहे, तो जमिनीलगत साचतो. स्वयंपाकघराला लागून असलेली खोली नको, आणि देवघरातला दिवा विझेपर्यंत थांबा.

बहुतेकांना माल मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो. स्प्रे डबी ज्वलनशील म्हणून विमानानं येत नाही, रस्त्यानंच येते, म्हणून चार दिवस जास्त धरा. कुणी येणारं असेल तर ‘रेल्वेनं येताना घेऊन ये’ असं सांगू नका. ज्वलनशील माल सोबत नेणं हा रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे, कलम १६४, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. मे महिन्यात साठा मागवू नका, डब्या ट्रकमध्ये आणि गोदामात भाजून निघतात. दिवाळीआधी वर्षाच्या घ्या आणि उन्हाळ्यात घरातल्या सगळ्यात थंड भिंतीच्या कपाटात, खालच्या फळीवर ठेवा. आल्यावर झाकण, नोझल आणि पोचा बघा. हलवल्यावर गोळी अडकलेली वाटली तर कोमट पाण्यात ठेवून पुन्हा हलवा.

काम झालं की डबी उलटी करून दोन-तीन सेकंद फुंका, नुसता गॅस येईपर्यंत; नोझल मोकळं राहतं. थोडा रंग झाकणात उडवून छोट्या घट्ट बाटलीत राखून ठेवा, टवका उडाला तर ब्रशनं भरायला. पण गॅस निघून जायला ती बाटली रात्रभर उघडी ठेवा, लगेच झाकण लावलं तर ते उडतं. आणि रिकामी डबी कचऱ्याच्या ढिगात टाकू नका. आपल्याकडे तो ढीग संध्याकाळी कुणीतरी पेटवतोच.